मोटर चालू आहे

१

१७ जानेवारी, शनिवार. दुपारी एकचा सुमार. स्थळ : पिंपळहेटी शिवार, तालुका कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा. प्रेमदास थूल गुरुजींच्या संत्र्याच्या बगीच्यातली विहीर.

ऊन स्वच्छ होतं, वारा पडलेला होता. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांनी गुरुजींना विहिरीकडं जाताना पाहिलं. परत येताना कुणी पाहिलं नाही. त्या वेळी विहिरीजवळ दुसरं कुणी नव्हतं.

आमच्या पेपरनं ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत छापली. मथळा : 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक बेपत्ता'. त्या चार ओळी मीच लिहिल्या होत्या. आयुष्यभर मी अधिकाऱ्यांशी, ठेकेदारांशी आणि स्वतःच्या संपादकांशी भांडून पाचवी ओळ मिळवत आलो. या वेळी पाचवी ओळ माझ्याजवळ होती, आणि ती बातमी म्हणून लिहिता येत नव्हती. म्हणून इथं लिहितो.

२

कारंज्याकडं शेतीची लाईट पाळीनं मिळते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन, साप आणि रानडुकरं चुकवत, विहिरीवर मोटर सुरू करायला जातो. ही व्यवस्था ज्यांनी ठरवली त्यांच्या घरातला पंखा कधी पाळीनं फिरलेला नाही. यावर लिहून लिहून मी थकलो. शेतकऱ्यांनी आपला उपाय शोधला. मोबाइल स्टार्टर.

विहिरीवरच्या लोखंडी पेटीत मोटरच्या बटणांशेजारी एक डबा बसवतात. त्यात सिमकार्ड. घरून त्या नंबरावर फोन लावायचा. आतली बाई सांगते, "लाईट आहे. मोटर बंद आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." एक दाबलं की दूर वावरात पाणी पडू लागतं. लाईट आली की ती स्वतःहून फोन करते. गुरुजींच्या पत्नी भागीरथाबाई तिला विहिरीवाली म्हणायच्या. "विहिरीवालीचा फोन आलता, लाईट आली म्हणे," असं घरात रोजचं बोलणं.

डिसेंबरच्या सुरुवातीला गुरुजींचा मला फोन आला. शिक्षकांच्या पगारासाठी झालेल्या एका जुन्या आंदोलनापासूनची आमची ओळख.

"अच्युतराव, जय भीम. तुमच्या तक्रारींच्या सदरात एक यंत्र घालायचं आहे."

"कोणतं यंत्र, गुरुजी?"

"खोटं बोलणारं."

संत्र्याच्या झाडांना हिवाळ्यात ताण देतात. महिनाभराच्या वर पाणी पूर्ण तोडायचं. पानं मलूल होतात, जमिनीला भेगा पडतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड घाबरल्यासारखं फुलांनी लदबदतं. मध्येच एकदा जरी चुकून पाणी गेलं तरी बहार वाया. त्यामुळं ताणाच्या दिवसांत मोटरला कुणी हात लावत नाही.

"आणि आज दुपारी," गुरुजी म्हणाले, "ती म्हणते, मोटर चालू आहे. मी जेवणावरून उठून पळालो. जाऊन पाहतो तर मोटर थंड. नळ्या कोरड्या. घरी येऊन फोन लावला तर पुन्हा तेच. मोटर चालू आहे."

मी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. हा माझा धंदाच आहे. एका आवाजानं मला मराठीसाठी दोन दाबायला लावलं, मग हिंदीत बोलला. माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा होता. बराच वेळ बासरी वाजली. शेवटी मेसेज आला : 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.' मी तक्रार अजून सांगितलेली नव्हती.

३

पिंपळहेटीला मी गेलो तेव्हा राकेशही आला होता. कारंज्यात त्याचं मोटरपंपांचं दुकान आहे. स्टार्टर त्यानंच बसवला होता. गुरुजींचा तो जुना विद्यार्थी.

"साहेब, मशीन हाय ते," तो म्हणाला. "कधी सटकते. माणसं नाई सटकत काय? गुरुजींनी खोटं बोललो म्हणून मले छडीनं लय झोडपलं. आता मशीनीले कसे झोडपतीन?"

"तुला झोडपूनही काही फरक पडला नाही," गुरुजी म्हणाले.

आम्ही सैपाकघरात बसलो होतो. स्वच्छ, लहान खोली. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलगी जागृती हिचा पदवीचा. जागृती आर्वीला कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. वर पंखा, प्रत्येक फेऱ्याला कट् असा आवाज करणारा. भागीरथाबाई चहा ढवळत होत्या.

"त्यायले सांगा नं ते," त्या पाठ न वळवता नवऱ्याला म्हणाल्या.

"तूच सांग. शोध तुझा आहे."

"गॅसच्या नंबरावर पाच दाबा लागते, भाऊ. परवा याहीनं मले विहिरीवालीले फोन लावाले सांगतला. माह्या हातानं सवयीनं पाचच दाबला."

"मग?"

"बाई चूप झाली. अन् मंग त्याच्यात आमचं सैपाकघर आयकू आलं."

मी राकेशकडं पाहिलं. पाचवर काही ठेवलेलंच नाही, असं तो म्हणाला.

"कशावरून तुमचंच सैपाकघर?" मी विचारलं.

"माह्या कुकरची शिट्टी म्या नाई वळखन काय? अर्धी वाजते अन् रडते."

गुरुजींनी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तो ओट्यावर ठेवला. लाईट आहे, बाई म्हणाली, मोटर चालू आहे. गुरुजींनी पाच दाबलं. ती गप्प झाली. थोडी खरखर, आणि मग पंख्याचा कट् कट्. चमचा कपाला लागल्याचा आवाज. बाहेर कोंबडी. सगळं या खोलीतलं.

मला हसू आलं. "गुरुजी, हा इको आहे. इथला आवाज फोन उचलतो आणि फिरून इथंच येतो."

मी टाळी वाजवली. फोनमधूनही टाळी आली.

"झालं," मी म्हणालो.

"पुन्हा वाजवा," गुरुजी म्हणाले. "पण लगेच नको. कधी वाजवायची ते मनात ठरवा. सांगू नका."

मी दोन्ही हात समोर धरले. ठरवलं, बाहेरची कोंबडी पुन्हा ओरडली की वाजवायची. थांबलो. पंखा कट् कट् करत होता.

फोनमधून कोंबडी ओरडली. लगेच टाळी आली.

माझे हात अजून वेगळे होते. मी त्यांच्याकडं पाहत होतो. मग बाहेर कोंबडी ओरडली आणि मी टाळी वाजवली. का वाजवली, ते मला आजही सांगता येत नाही. न वाजवणं माझ्या हातात होतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

राकेशनं फोन उचलून बंद केला. चहा कुणी लवकर घेतला नाही.

४

परत येताना बसमध्ये मी सगळं नीट लावून पाहिलं. नेटवर्क मंद असतं. पहिलीच टाळी उशिरा दुसऱ्यांदा आली असेल. कोंबड्या सगळ्या सारख्याच ओरडतात. वर्ध्याला पोचेपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं. दुसऱ्यांचे खुलासे मी इतक्या सहज कधी मान्य केलेले नाहीत.

निघताना गुरुजी फाटकापर्यंत आले होते.

"आमच्या घरात देव, भूत, अंगात येणं, सगळं छप्पन साली बंद झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "माझे वडील नागपूरला पायी गेले होते दीक्षेला. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं, विचारा, तपासा, मग माना. आता हे मी कुणाला सांगू? लोक म्हणतील, थूल गुरुजी शेवटी त्याच वाटेनं गेले."

"मी लिहिणार नाही."

"लिहा. पण यंत्राविरुद्ध लिहा."

मी लिहिलं. कंपनी, तिची बासरी, तिचा मेसेज, सगळं झणझणीत लिहिलं. लोकांना आवडलं. पुष्कळ जणांनी आपापले अनुभव कळवले. कुणाचं रेशन अंगठा जुळला नाही म्हणून थांबलं, कुणाच्या बंद घराचं मीटर पळत होतं. पाच दाबून कुणी पाहिलं का, असं मी दोघातिघांना विचारलं. पाच दाबलं की फोन कटतो, म्हणाले.

५

जानेवारी लागला. गुरुजींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा राहिला नव्हता.

"अंतर वाढून राह्यलं, अच्युतराव. पहिले ती एका श्वासानं पुढं होती. आता सकाळी लावला तर दुपारचं ऐकू येते. कोण येणार, काय बोलणार. मी वहीत नाही, मनात ठेवतो आणि पडताळून पाहतो. चुकत नाही."

"ऐकणं बंद करा."

"केलं होतं. पण रविवारी जागृती आली होती. तिला पटत नव्हतं, म्हणून लावला."

"मग?"

"हिचा आवाज आला. कुणाशी तरी फोनवर बोलून राह्यली होती." पुढचं त्यांनी बायकोच्या बोलीत, जसंच्या तसं म्हटलं. "ते विहिरीवर गेले, तं अजून आले नाई. ताट वाढून ठेवलं. बस एवढंच. मग भांडं झाकल्याचा आवाज."

माझ्या खोलीत तेव्हा दुपारचं ऊन होतं. खिडकीखालून भाजीवाला जात होता.

"वहिनींना माहीत आहे?"

"नाही. जागृतीला आणि मला. मी ठरवलं, विहिरीवर जायचंच नाही. न गेल्यावर ही ते वाक्य कशी म्हणेल?"

उपाय सोपा होता. ताण तोडायची वेळ झाली होती, पण त्यासाठी विहिरीवर जायची गरजच नव्हती. तेवढ्यासाठीच तर तो डबा घेतला होता. घरून एक दाबायचं.

त्या आठवड्यात गुरुजींनी एक दाबलं. बाई म्हणाली, "सेवा सुरू ठेवण्यासाठी कृपया आमचं ॲप डाउनलोड करून आपला चेहरा प्रमाणित करा."

पुढचे दिवस काय चाललं होतं ते मला जागृतीनं सांगितलं. ती सुटी काढून आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बापाला अंगणात खुर्चीवर बसवून त्याच्या तोंडासमोर फोन धरून ती उभी राहायची. चेहरा चौकटीत ठेवा. उजेडाकडं पाहा. डोळे मिचकावा. गुरुजी डोळे मिचकावायचे. पुन्हा मिचकावा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. चेहरा जुळत नाही.

"माहा चेहरा माह्याशी जुळत नाई म्हणते," गुरुजी मुलीला म्हणाले होते, हसत. पण दुसऱ्या दिवशी ते हसले नाहीत.

मी कंपनीला रोज फोन केला. एकदा माणूस मिळाला. माणूसच असावा, मधे तो शिंकला. मी म्हणालो, तुमच्याकडून ते कुलूप काढा, एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, सर, सिस्टीम अलाऊ करत नाही. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं शांतपणे विचारलं, सर, आणखी काही मदत करू का?

झाडं पिवळी पडू लागली होती. ताण जास्त झाला की झाड फुलत नाही, वाळतं. जागृती शाळेत असताना लावलेली बाग. मी गुरुजींना म्हणालो, राकेशला पाठवा, तो हातानं बटण दाबून येईल. राकेश तयार होता.

"जे मला ऐकू आलं ते त्याच्या बायकोच्या तोंडी घालू?" गुरुजी म्हणाले. "नाही. मी कुणालाच पाठवणार नाही. आणि जागृती तर वावराच्या दिशेनं पाहायचीही नाही."

त्या वाक्यावर भांडायला मला जागा सापडली नाही.

६

१७ तारखेचं भागीरथाबाईंनी सांगितलं ते असं.

सकाळपासून गुरुजी बगीच्याकडं तोंड करून ओसरीवर बसले होते. दिवसाच्या लाईटची पाळी होती. दुपारी विहिरीवालीचा फोन आला, लाईट आली आहे. ते उठले, टोपी घातली.

"मी जाऊन येतो. ताट आधी वाढू नको. आल्यावर वाढजो."

"काऊन? दहा मिनिटाचं तं काम हाय."

"सांगून राह्यलो नं. आल्यावर."

त्या हो म्हणाल्या. मग पोळ्या झाल्या, भाजी उतरली, आणि त्यांच्या हातानं ताट घेतलं.

"वाढलं गेलं, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "ते वावरातून यायच्या आत ताट वाढून ठेवाची सवय. लग्न झालं तवापासूनची. हाताले कुठं सांगतलं होतं म्या?"

बराच वेळ झाला तसा त्यांनी मुलीला फोन लावला. सुटी संपवून आर्वीला परतलेली जागृती तेव्हा लायब्ररीत पुस्तकं लावत होती. आई म्हणाली, "ते विहिरीवर गेले, तं अजून आले नाई. ताट वाढून ठेवलं."

"काका, मला पुढचं माहीत होतं," जागृती मला म्हणाली. "भांडं झाकल्याचा आवाज. मी फोन कानाला धरून त्याची वाट पाहत होते. आई, झाकू नको, एवढं म्हणायचं होतं मला. तोंड उघडलं, अन् तो आवाज आला."

जागृतीनं कळवल्यावर मी संध्याकाळच्या आत पोचलो. मोटर चालू होती. संपूर्ण बगीच्यात ठिबकच्या प्रत्येक तोटीतून पाणी पडत होतं; भेगाळलेली माती ते पिताना फसफस आवाज करत होती. विहिरीवरच्या लोखंडी पेटीला कुलूप होतं. त्या कुलपाची किल्ली घरी, दाराच्या खिळ्याला लटकत होती. गुरुजी ती न्यायला विसरले होते. मग मोटर कुणी सुरू केली, हे मी ठाणेदारांना विचारलं. ते म्हणाले, आधी बॉडी सापडू द्या.

दोन मोटरी लावून विहीर उपसली. तळ लागला. खडक, गाळ, संत्र्याची पानं. बाकी काही नव्हतं. गाळावर कसला ठसाही उठलेला नव्हता.

७

फेब्रुवारीत बहार आला. म्हातारी माणसं म्हणाली, असा बहार या शिवारात पाहिला नाही. पानं दिसेनात. वास रस्त्यापर्यंत यायचा. फाटकातून आत जाताना मला तो वास सहन व्हायचा नाही.

भागीरथाबाई ओट्याशेजारी पाटावर बसलेल्या असायच्या, फोन मांडीवर. दिवसातून पुष्कळदा नंबर लावायच्या, पाच दाबायच्या, आणि ऐकायच्या. जागृतीनं बिनपगारी रजा काढली होती. आर्वीला चल म्हणून ती रोज आईची विनवणी करायची.

"आई, काऊन ऐकते ते? तोडून टाकू का डबा?"

"पुढचं आयकू येते नं त्याच्यात?" भागीरथाबाई म्हणाल्या. इतक्या साधेपणानं, की मला खाली पाहावं लागलं. "मंग ते आले तं पयले तिथंच आयकू येतीन. खोकला तं येईन. मले खोकला आयकाचा हाय त्याहीचा. मंग मी थांबीन, कितीबी दिस."

त्या दिवशी मी समोर होतो. दुपारचीच वेळ. फोनमध्ये पंखा फिरत होता, डोक्यावरही फिरत होता, दोघांची कट् कट् मागंपुढं. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात फोनमध्ये दार वाजलं.

चप्पल काढल्याचा आवाज. एक, मग दुसरी. माठावरचं झाकण सरकलं. कुणी तरी घटाघट पाणी प्यायलं, आणि खोकलं.

जागृतीनं माझं मनगट धरलं. तो खोकला मीही ओळखला.

"अवो," फोनमधून गुरुजींचा आवाज आला. "आयकते का?"

पंखा फिरत राहिला.

"अवो."

पावलं आतल्या खोलीकडं गेली, परत आली. मागच्या दाराची कडी निघाली, थोड्या वेळानं लागली. पुन्हा पावलं, ओट्याजवळ. अगदी जवळ. ताटावरचं भांडं उचलल्याचा आणि परत ठेवल्याचा आवाज.

"भागीरथा?"

उत्तर आलं नाही. आम्ही तिघंही ऐकत होतो. खोलीत, म्हणजे त्या दुसऱ्या खोलीत, पंख्याशिवाय काही नव्हतं. मग ते हळूच पुन्हा म्हणाले, "भागीरथा," पण या वेळी त्यांनी विचारलं नव्हतं.

फोन कटला.

भागीरथाबाईंचा चेहरा उजळला होता. महिन्याभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून त्या लाजल्यासारख्या म्हणाल्या, "नावानं त्याहीनं मले कधीच नाई बोलावलं. आता बोलावलं."

"आई," जागृती म्हणाली. "बाबा आवाज देऊन राह्यले. तू काऊन बोलत नाई? तू कुठं हाय?"

"असन इकडं तिकडं. पाण्याले गेली असन."

"घरात नळ हाय, आई."

"मंग येईन नं परत," भागीरथाबाई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी कुकर लावला.

८

दुसऱ्या दिवशी जागृतीनं राकेशला बोलावलं. तिनं आईला विचारलं नाही. आईनंही अडवलं नाही. जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं.

राकेशनं साखळी लावून मोटर विहिरीतून वर काढली. खांबावरून येणाऱ्या तारा तोडल्या. डबा काढून कट्ट्यावर ठेवला आणि पेचकसानं उघडला. बराच वेळ तो त्यात पाहत राहिला. विनोद करणारा हा माणूस त्या दिवशी एकदाही हसला नाही.

"साहेब, इकडं या. याच्यात माईकच नाई."

"म्हणजे?"

"आवाज घ्याचं काईच नाई याच्यात. फक्त बाईचं रेकॉर्डिंग हाय." त्यानं डबा खाली ठेवला आणि हात पँटला पुसले. "मंग आपण काय आयकून राह्यलो होतो?"

सिमकार्ड त्यानं काढून मला दिलं. मी ते पाकिटात घालून पोलिसांकडं नेलं. तपासाशी संबंध दिसत नाही, म्हणून त्यांनी घेतलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. मोटर राकेशच्या दुकानात आहे.

मी सगळीकडं विचारत राहिलो. स्टार्टरच्या कंपनीला, वीज ऑफिसला, ठाण्याला. प्रत्येकानं आपल्यापुरतं उत्तर दिलं, आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबर होतं. माझा आयुष्यभराचा समज होता की चिकाटीनं विचारलं की कुणाला तरी शेवटी तोंड उघडावं लागतं. तो समज आता माझ्याजवळ नाही.

जागृती आईला सोडून हलत नाही. दाराशी अंथरूण टाकते. भागीरथाबाई सगळं ऐकतात, फक्त घर सोडून जायला तयार नाहीत. ते आले अन् घराले कुलूप दिसलं तं, असं म्हणतात. रोज ताट वाढून झाकून ठेवतात. विहिरीकडं त्या जात नाहीत. जाणार नाही, असा शब्द त्यांनी मुलीला दिला आहे. गुरुजींनीही स्वतःला दिला होता.

९

काल दुपारी भागीरथाबाईंच्या मोबाइलवर फोन आला. नंबर नेहमीचा. जागृतीनं उचलला, ऐकला आणि लगेच मला लावला.

मी खण उघडला. सिमकार्ड पाकिटात होतं. राकेशला फोन केला; तो दुकानाच्या मागं जाऊन पाहून आला. "इथंच हाय साहेब, पोत्याखाली. कोरडी ठक्क." वीज ऑफिसनं सांगितलं, त्या विहिरीचा पुरवठा तोडलेला आहे. सिमच्या कंपनीनं सांगितलं, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

डिसेंबरात विहिरीवालीनं पहिल्यांदा मोटर चालू असल्याचं सांगितलं होतं, तेव्हा गुरुजी घरात जेवत होते आणि विहिरीवरची मोटर थंड होती. मोटर खरोखर चालू झाली ती नंतर, सतरा जानेवारीला.

"लाईट आली आहे," ती जागृतीला म्हणाली. "मोटर चालू आहे."

विहिरीत आता मोटर नाही. कोणती मोटर, हे मी काल दुपारपासून विचारतो आहे. अजून कुणी सांगितलेलं नाही.